तोतया, शास्त्रज्ञ आणि पुन्हा पुन्हा मरणारी मुलगी

(इंदूरजवळच्या हातोद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. छापताना काही ठिकाणी संक्षेप केला आहे.)



पत्रिकेवरचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. स्मृतिव्याख्यान म्हटले की संतसाहित्य, अहिल्याबाई, फार तर मधुमेह, असे आपले विषय ठरून गेले आहेत. त्यात हा कोण व्हिडिओ गेममधल्या पात्रांवर बोलायला उभा राहिला? पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगतो की मी पानिपतावर येणार आहे, तेव्हा उठू नका. मागे बसलेल्या मुलांना उठायचे कारणच नाही. या विषयात ती माझ्या चार पावले पुढे आहेत.

साध्या रहस्यकथेत खून झालेला असतो आणि तो कोणी केला एवढेच शोधायचे असते. मेलेला माणूस परत येणार नाही, ही त्या कथेची पहिली अट. बाबूराव अर्नाळकरांनी शेकडो रहस्यकथा लिहिल्या, पण ही अट मोडली नाही. कालप्रवासाची रहस्यकथा नेमकी हीच अट मोडते. तिथे खून टाळता येतो. मग प्रश्न असा पडतो की तो टाळला तर दुसरे काय बिघडेल, आणि कोणाचे. गेममध्ये हा प्रश्न वाचकाच्या अंगावर येतो, कारण बटण त्याच्या हातात असते.

अशा खेळांतली पात्रे ठरलेल्या साच्यांतली असतात, अशी तक्रार नेहमी होते. ती खरी आहे. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ असतो. एक अतिहुशार मुलगी असते, वरून फटकळ, आतून हळवी. एक लहानपणापासूनची मैत्रीण असते, तिला काही कळत नाही आणि ती सतत संकटात सापडते. एक जाडा, गमत्या, संगणकात मुरलेला मित्र असतो. भविष्यातून लपूनछपून आलेले कोणीतरी असते. आणि तळमजल्यावर भाड्यासाठी खेकसणारा घरमालक असतो, ज्याच्यावर कोणाचाच संशय जात नाही.

ही यादी मी ज्या खेळावरून केली तो ‘स्टाइन्स गेट’ नावाचा जपानी गेम २००९ सालच्या ऑक्टोबरमध्ये आला. फाइव्ह पीबी आणि नायट्रोप्लस या दोन कंपन्यांचा तो खेळ. धावपळ, मारामारी जवळजवळ नाहीच. पडद्यावर चित्र, खाली संवाद, आणि नायकाच्या मोबाइलवर येणारे निरोप. कोणत्या निरोपाला उत्तर द्यायचे, कोणता फोन उचलायचा, यावर गोष्ट वळते. म्हणजे खरे तर वाचायचीच गोष्ट. तोक्योच्या अकिहाबारा भागात ओकाबे रिंतारो नावाचा एक कॉलेजचा पोरगा एका दुकानाच्या माडीवर खोली घेऊन तिला प्रयोगशाळा म्हणतो, स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवतो, आणि बंद फोनवर कोणाशी तरी गुप्त बोलतो आहे असे सोंग करतो. त्या सोंगाच्या शेवटी त्याचे ठरलेले निरर्थक पालुपद असते. आपल्या फास्टर फेणेचे ‘ट्टॉक’ आठवा. फेणेचे जनक भा. रा. भागवत इंदूरचे, १९१० साली तिथेच जन्मलेले, तेव्हा या साच्याशी आपले नाते घरचेच आहे. पालुपद आले की पात्र ओळखू येते.

तर या ओकाबेच्या खोलीतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनला मोबाइल जोडला की भूतकाळात निरोप पाठवता येतो, असा शोध अपघाताने लागतो. निरोप गेला की जग बदलते. बाकी सगळ्यांना नवे जग हेच मुळातले वाटते. जुने फक्त ओकाबेला आठवते.

माझा तक्रारदारांशी मतभेद इथे सुरू होतो. साचे हा या प्रकाराचा आळस नाही, गरज आहे. आपल्या माळव्यातल्या माचात आधी भिश्ती येऊन पाणी शिंपडतो, मग जाजम अंथरले जाते, चोपदार येतो, तेव्हा कुठे राजाराणीची गोष्ट सुरू होते. प्रेक्षकाला माणसे ओळखीची झाली की गोष्ट मग कुठेही जावो. कालप्रवासात तर पायाखालची जमीनच सरकत असते. रस्ता बदलतो, दुकाने बदलतात, इतिहास बदलतो. अशा वेळी माणसेही बदलत राहिली तर खेळणाऱ्याने धरायचे काय? ओकाबेच्या एका निरोपानंतर अकिहाबारातली खेळण्यांची, चित्रकथांची सगळी दुकाने गायब होतात. आपण बावचळतो. पण ज्या मुलीसाठी तो निरोप पाठवला ती तिच्या त्याच लाडिक, मांजरासारख्या बोलीत बोलते, आणि आपल्याला कळते की आपण कुठे आहोत आणि काय हरवले आहे.

या साच्यांतला मला न पटणारा एक आहे, तो आधी सांगून मोकळा होतो. पुन्हा पुन्हा मरणारी मुलगी. ‘स्टाइन्स गेट’मध्ये मायुरी नावाची ती लहानपणची मैत्रीण मरते. ओकाबे काळ मागे नेतो, ती दुसऱ्या तऱ्हेने मरते. आणखी मागे नेतो, तिसऱ्या तऱ्हेने. नायकाचे दुःख गडद व्हावे म्हणून हिचा देह वापरलेला आहे. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या २०१५ सालच्या फ्रेंच खेळात काळ मागे नेणारी मॅक्स हीही मुलगीच आहे, त्यामुळे थोडा फरक पडतो. तरी क्लोईला मरू द्यायचे की वादळात सगळे गाव जाऊ द्यायचे, या शेवटच्या निवडीत मरणाच्या काठावर उभी ती मुलगीच. आपल्या पुराणातही बघा. ककुद्मी राजा रेवतीसाठी वर कोणता, हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणे चालले होते म्हणून थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात धरलेले सगळे वर, त्यांचे नातू-पणतू, सगळे गेले. मग बलराम ठरला. एवढा मोठा कालप्रवास झाला आणि त्यात रेवती काय म्हणाली याची नोंद नाही! जपान्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता ‘स्टाइन्स गेट’चे जे खरोखर मोठे आहे त्याकडे येतो. यापुढे मी गोष्टीचा शेवट फोडणार आहे. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी कानांवर हात ठेवावेत.

निरोप पाठवता येतात हे कळल्यावर टोळीतला एकेक जण आपली इच्छा मांडतो. एकीला मेलेला बाप परत हवा असतो. एका नाजूक मुलाला मुलगी म्हणून जन्मायचे असते. भविष्यातून आलेल्या सुझुहाला आपला बाप शोधायचा असतो, आणि तिने आणखी थोडे दिवस थांबावे असे बाकीच्यांना वाटते. ओकाबे उदारपणे निरोप पाठवत जातो. मग मायुरी मरू लागते, आणि कळते की तिला वाचवायचे तर हे सगळे निरोप एकेक करून मागे घ्यावे लागतील. म्हणजे त्या मुलीच्या घरात चहा पीत बसलेला बाप पुन्हा मेलेला करायचा. मुलगी झालेल्या त्या पोराला पुन्हा मुलगा करायचे. आणि सुझुहा? ती भूतकाळात गेलेली असते, पण थांबवून घेतल्यामुळे तिचे यंत्र पावसात बिघडलेले असते; १९७५ मध्ये ती पोचते ती स्मृती गमावून, आणि अनेक वर्षांनी सगळे आठवते तेव्हा आपले काम फसले एवढेच लिहून जीव देते. चार दिवस थांब म्हणणाऱ्या मित्रांनी तिचे आयुष्य खाल्लेले असते.

इथे साचे फुटतात. लाडिक बोलणारी मुलगी ते बोलणे सोडून देते आणि बापाविषयी साध्या आवाजात बोलते. जोवर तिला हवे ते मिळत होते तोवर ती साच्यात होती. मिळालेले परत मागितले तेव्हा ती माणूस झाली. नायकाचेही तसेच. दुसऱ्या कथांत तो तारणहार असतो, इथे तो दारोदार जाऊन दिलेले परत मागणारा माणूस आहे. शिवाय त्याने काय घेतले हे ज्याच्याकडून घेतले त्याला आठवणारही नाही. आठवण एकट्या ओकाबेची. कालप्रवासाच्या कथेत सगळ्यांत अवघड साचा हा, आठवणाऱ्याचा.

पुढच्या रांगेला दिलेला शब्द आता पाळतो.

सुझुहाचे पात्र रचताना त्या लेखकांनी एका खऱ्या अमेरिकन भानगडीचा आधार घेतला होता. २००० आणि २००१ साली जॉन टायटर नावाने कोणी तरी इंटरनेटवर लिहीत होता, की मी २०३६ मधून आलेला सैनिक आहे आणि १९७५ मधला एक आयबीएम संगणक न्यायला मला पाठवले आहे. लोकांनी त्याला प्रश्न विचारले, त्याने उत्तरे दिली, आणि मग तो गप्प झाला. आपल्या भाषेत अशा माणसाला नाव आहे, आणि ते पानिपतानंतर गाजले. तोतया.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाविषयी शंका राहिली. काही वर्षांनी एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी भाऊ. पेशव्यांनी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवला. १७७६ मध्ये तिथल्या सुभेदाराच्या आधाराने तो बाहेर पडला, त्याच्याभोवती फौज जमली, किल्ले त्याच्याकडे आले. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात पंचांसमोर चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ठरला आणि त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर. एकट्या माणसाच्या थापेवर फौज जमत नाही. पानिपत झालेच नाही असे जग हजारो घरांना हवे होते, आणि हा माणूस त्या जगातून आलो म्हणून सांगत होता. सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या, आणि अखेरपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. पेशवे दरबाराला खरे काय ते ठरवायचे होते. ठरवले. पण ते ठरवताना घराघरांत कोणाकोणाची इच्छा परत घेतली गेली, याचा हिशेब बखरीत लागत नाही.

पानिपतावर आपल्या भाषेतला सगळ्यांत प्रसिद्ध कालप्रवास अर्थात जयंत नारळीकरांचा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ अनेकांनी मराठीत वाचली असेल. मागच्या रांगेने ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात जागे होतात जिथे विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून गेली, आणि मराठे जिंकले. कंपनी सरकार मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांच्या आसपासपुरते उरले आहे. पंत काय करतात? कोणाला वाचवत नाहीत, कोणाचा सूड घेत नाहीत. ग्रंथालयात जातात! स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून फरक कुठे पडला ते तपासतात. मग आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून त्यांना राहवत नाही. ते जाऊन बसतात, भाषण सुरू करतात, आणि श्रोते त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात, कारण त्या जगात लोकांनी अध्यक्ष ही प्रथाच मोडीत काढली आहे. अध्यक्षमहोदयांनी राग मानू नये. अध्यक्षीय भाषणाचा सोस असलेला विद्वान हा अस्सल मराठी साचा नारळीकरांनी कालप्रवासात नेला, आणि माझ्या मते वेड्या शास्त्रज्ञापेक्षा तो जास्त मजेदार आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली तीही नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, आद्याक्षरे उलटी करून. बक्षीस मिळाले. असे तोतये भाषेला हवेच असतात.

तरीही त्या कथेत एक गोष्ट होत नाही, आणि नारळीकरांच्या निधनानंतर ती पुन्हा वाचताना मला ती प्रकर्षाने जाणवली. जिंकलेल्या पानिपताची किंमत कोणी मोजली हे कथा विचारत नाही. पंत परत येतात, पुराव्याचे एक फाटलेले पान हातात राहते, आणि राजेंद्र देशपांडे त्यांना त्यामागचे विज्ञान समजावून देतो. ही बुद्धीची कथा आहे, आणि बुद्धीची म्हणून उत्तमच आहे. पण बटण हातात आले की प्रश्न बुद्धीचा राहत नाही.

समजा, मागच्या रांगेतल्या एखाद्याने पानिपतावर असा गेम केला. भूतकाळात एकच निरोप पाठवायचा आहे. कोणाला? महाराष्ट्रातला मुलगा म्हणेल, सदाशिवरावभाऊंना, हत्तीवरून उतरू नका. जरा जास्त वाचलेला म्हणेल, पुढे पानिपतावर अब्दालीच्या बाजूने लढलेला नजीबखान १७५७ मध्ये दिल्लीत हातात सापडला होता, तो मल्हारराव होळकरांच्या मध्यस्थीने सुटला. तेव्हा निरोप मल्हाररावांना, नजीबाला सोडू नका. आपल्या इंदूरकडे हा विषय निघाला की आवाज जरा खाली येतो. मल्हारराव पानिपतावरून निघून गेले ते भाऊंच्या सांगण्यावरून की नाही, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे. कालप्रवासाच्या भाषेत मल्हारराव म्हणजे वाचलेला माणूस. त्याला शेवट माहीत आहे आणि तो बोलत नाही. या साच्याचे पात्र चांगल्या लेखकाने कधीच खलनायक करू नये, आणि मूर्ख तर मुळीच करू नये.

पण हातोदच्या मुलाने मला विचारले तर मी म्हणेन, पानिपताच्या आधी कुंभेरीला जा. १७५४. जाटांच्या किल्ल्याला वेढा पडला आहे, आणि तोफेचा गोळा लागून मल्हाररावांचा एकुलता मुलगा खंडेराव मरतो. निरोप पाठव, आज मोर्च्यावर जाऊ नका. खंडेराव वाचतो. मल्हाररावांचा म्हातारपणचा आधार राहतो. अहिल्याबाईंचे कुंकू राहते. त्यांना सती जाण्यापासून थांबवण्याची वेळ मल्हाररावांवर येत नाही. सगळ्यांच्या इच्छा पुऱ्या झाल्या. आता पुढे जा. १७६६ मध्ये मल्हारराव गेले की गादीवर खंडेराव येतो. त्याचा मुलगा मालेराव वारस म्हणून राहतो. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेण्याचे कारणच पडत नाही. महेश्वरचे घाट? काशीविश्वनाथाचे मंदिर? देशभरच्या धर्मशाळा, विहिरी, बारवा? आणि माळव्याला मिळालेली ती २८ वर्षे? वाड्यातल्या एका सुनेचे नाव होळकरांच्या वंशावळीत एका ओळीत राहते.

आता त्या खेळणाऱ्याला निरोप मागे घ्यायचा आहे. त्याला खंडेरावाला मरू द्यायचे आहे. आणि त्याआधी त्याने कुंभेरीच्या छावणीत अहिल्याबाईंना भेटायला हवे, कारण त्यांच्याकडून तो काय घेतो आहे हे त्याला त्यांच्या तोंडून ऐकावे लागेल. पुतळ्यातल्या, हातात शिवलिंग धरलेल्या अहिल्याबाई नव्हेत. अठ्ठावीस वर्षांची बायको, जिला पुढचे काहीच माहीत नाही. तिला लोकमाता व्हायचे आहे का, असे कोणी विचारले आहे? ‘स्टाइन्स गेट’मधला सगळ्यांत चांगला प्रसंग मला या प्रसंगापुढे पोरकट वाटेल, जर तो नीट लिहिला तर. आणि मग पुन्हा पुन्हा मरणाऱ्या मुलीचा तो साचाही उलटेल: मरणारा नवरा, आणि गोष्ट तिची.

हे होण्यासारखे आहे. चित्र आणि संवादांचा गेम करायला मोठी कंपनी लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, तो जगभर खेळला गेला; पण तो त्रिमितीतला, मोठ्या खर्चाचा खेळ. आपल्याला तेवढे नको. रेनपाय नावाची प्रणाली मोफत मिळते, साध्या संगणकावर चालते, आणि जगातल्या असंख्य हौशी लेखकांनी तिच्यावर असेच कथाखेळ केले आहेत. चित्रे काढणारे दोघेतिघे, लिहिणारा एक आणि होळकरशाहीचा इतिहास तपासून देणारे पुढच्या रांगेतले एखादे गुरुजी, एवढ्यावर काम सुरू होते. भाषाही उसनी नको. माळव्यातली मराठी घरात बोलतो तशीच, हिंदीची झाक असलेली, पात्रांच्या तोंडी घाला. पुण्याची नक्कल करू नका.

आणि एकदम कुंभेरीला हात घालू नका, तो अवघड आहे. पहिला भाग तोतयाचा करा. चौकशीची खोली, पाच पंच, समोर भाऊ म्हणवणारा माणूस, आणि खेळणारा त्यातला एक पंच. प्रश्न काय विचारायचे ते त्याने ठरवायचे. पण लिहायला बसण्याआधी त्या सुखनिधानाला नेमके काय हवे होते, हे एका कागदावर लिहून काढा आणि पुढच्या वर्षी व्याख्यानमालेला येताना तो कागद घेऊन या. मी वाचीन.